येते म्हणाली होती

पहिली फेरी तिघांनी मिळून करायची, असं ठरलं होतं. कुणी ठरवलं असं विचाराल, तर शिरीषने. बायको आणि मुलगी फक्त "हो, हो" म्हणाल्या होत्या. घरात दोन "हो" एकापाठोपाठ एक आले की त्यांचा अर्थ "बघू" असा होतो, हे सत्तावीस वर्षांच्या संसारात या गृहस्थाला कुणी सांगितलं नसावं. त्याने तो शब्द धरून ठेवला, आणि बोट घेऊन चार वर्षं झाली तरी ती फोरबर्गच्या धक्क्याला बांधलेलीच राहिली.

बोटही अशी, की बघणाऱ्याने थांबून हसावं. लांबी पन्नास फूट आणि रुंदी जेमतेम सात. इंग्लंडातल्या चिंचोळ्या कालव्यांसाठी बांधलेली ही नॅरोबोट एका म्हाताऱ्या इंग्रजाने ट्रकवर घालून हॉलंडात आणली होती, आणि स्वतःचे गुडघे गेल्यावर शिरीषच्या गळ्यात मारली होती. धक्क्यावरचे डच लोक तिला "पोटलोट" म्हणायचे, म्हणजे पेन्सिल. शिरीष आठवडाभर हूफडॉर्पच्या एका कंपनीत सॉफ्टवेअरमधल्या चुका शोधायचा आणि शनिवार-रविवार या पेन्सिलीत घालवायचा. त्याने शेगडी बसवली, तीन बिछाने केले, भिंतीला तीन हुक ठोकून तीन मग अडकवले. तीन पिवळे रेनकोटही आणले, लहान, मध्यम आणि मोठा. मध्यम मंजूषाचा. त्याचं लेबलसुद्धा अजून काढलेलं नव्हतं.

मंजूषा म्हणजे शिरीषची बायको. तीन वर्षांपूर्वी तिच्या आईचं, शामलाबाईंचं, मांडीचं हाड मोडलं म्हणून ती पुण्याला गेली. स्किपोल विमानतळावर सिक्युरिटीच्या रांगेत वळून तिने हात केला आणि म्हणाली, "येते हं." शामलाबाईंचं हाड सहा महिन्यांत जुळलं. त्या जिना चढायला लागल्या, भाजी आणायला लागल्या, शेजारणीशी भांडायलाही लागल्या. मंजूषाने मात्र कर्वेनगरात पॅथॉलॉजीची लॅब काढली. नेदरलँड्समध्ये बारा वर्षं तिच्या डिग्रीला कुणी कुत्रं विचारत नव्हतं, पुण्यात वर्षभरात तिच्याकडे चार माणसं कामाला लागली. भांडण असं काही झालंच नाही. दर रविवारी फोन व्हायचा, त्यात पाऊस, शामलाबाईंचा पाय आणि मुलगी एवढं बोलून व्हायचं. रेनकोट शिरीषने आणले ते ती गेल्यानंतर, सेलमध्ये. "कधी येतेस?" असं त्याने एकदाही विचारलं नाही. न विचारणं हा त्याला आपला समजूतदारपणा वाटायचा. मला विचाराल तर ती भीती होती.

आता मात्र धक्का दुरुस्तीसाठी रिकामा करायची नोटीस आली होती. ऑक्टोबरातल्या या शनिवारी बोट हलवणं भागच होतं. शिरीषने आपल्या घराजवळ, नीउ-व्हेनेपच्या बाजूला, एक जागा मिळवली होती. प्रवास दिवसभराचा. फोरबर्गहून लायडस्खेनडाम, तिथून लायडन, मग कागचं मोठं तळं आणि पलीकडे मुक्काम. म्हणजे चार वर्षं राखून ठेवलेली पहिली फेरी आता होणारच होती. तिघांचं जमत नव्हतं, तर निदान दोघांनी तरी ती करावी, एवढंच शिरीषचं म्हणणं होतं. एकट्याने केली तर ती फेरी होणार नाही, नुसतं सामान हलवणं होईल, असं त्याला मनापासून वाटत होतं.

म्हणून त्याने आदल्या संध्याकाळी संहिताला फोन केला. संहिता ही त्याची एकुलती एक मुलगी, वय चोवीस. नवव्या वर्षी इथे आली. मराठी सगळं समजतं, उत्तर इंग्रजीतून येतं आणि राग आला तर डचमधून. महिन्यापूर्वीच तिने आल्मेरेला चैत्राली नावाच्या मैत्रिणीबरोबर भाड्याने घर घेतलं होतं.

"संहू, उद्या बोट नेतोय. येतेस का? दहाला निघू," शिरीष म्हणाला.

"उद्या? हम्म. लेट मी सी, बाबा." मग तिला खेमेन्टेचं, म्हणजे नगरपालिकेचं, पत्र आठवलं. पत्ता बदलल्याची नोंद कशी करायची, हे तिने विचारलं. समजावून सांगणं हा शिरीषचा वीक पॉइंट. तो अकरा मिनिटं बोलला. ती "हं, हं" करत राहिली, आणि शेवटी अगदी स्वच्छ मराठीत म्हणाली, "चला बाबा, येते." आणि फोन बंद झाला.

झालं. शिरीषने फ्रिजरमधला नारळाचा चव बाहेर काढला. सकाळी पाचला उठून दडपे पोहे केले, वर ताटली ठेवून चांगले दडपले आणि डब्यात भरले. संहिताला लागतात तशा मिरच्या वेगळ्या तळून घेतल्या. मोठ्या थर्मासमध्ये चहा ओतला. गाडी धक्क्याजवळ लावून तो साडेनऊलाच बोटीत हजर होता.

पाऊस होताच. या देशातला पाऊस पडत नाही, तो असतो. सकाळी दार उघडावं तर दारात उभा असतो आणि संध्याकाळी दार लावावं तरी जात नाही. थेंब इतके बारीक की छत्री उघडायची लाज वाटावी, आणि छत्री उघडली नाही तर तासाभरात बनियनपर्यंत ओलं व्हावं. शिरीष पिवळा रेनकोट चढवून मागच्या टोकाला, सुकाणूच्या दांड्याशी, उभा राहिला आणि रस्त्याकडे बघू लागला. दहा वाजले, सव्वादहा वाजले. त्याने फोन लावला, वाजून वाजून थांबला. ट्रेनमध्ये ऐकू येत नसेल. साडेदहाला परत लावला. पावणेअकराला धक्क्याचा मॅनेजर येऊन घड्याळाकडे बघत उभा राहिला. तोंडाने काही बोलला नाही. डच माणूस घड्याळाकडे बघतो तेव्हा बोलायचं काही उरत नाही.

"माझी मुलगी येतेय," शिरीष त्याला डचमध्ये म्हणाला. आणि मग मुलीला मेसेज केला: "निघतोय. लायडस्खेनडामला लॉकपाशी ये. ट्राम आहे." सोबत लोकेशन. मग त्याने दोर सोडला, आणि चार वर्षं जागची न हललेली पेन्सिल एकदाची पाण्यावर चालू लागली.

खरं म्हणजे हा क्षण मोठा होता. इंजिन पहिल्या दमात सुरू झालं, बोट सरळ गेली, कुठे धडकली नाही. पण कौतुक करायला बरोबर कुणी नसलं की चांगल्या गोष्टीचीही गंमत जाते. "अरे वा!" असं तो स्वतःशीच म्हणाला आणि लगेच ओशाळला.

कालव्याच्या दोन्ही काठांना घरं होती आणि घरांच्या मागच्या बागा थेट पाण्यापर्यंत आल्या होत्या. या लोकांना पडद्यांचं वावडं. भर दिवसा दिवे लावलेले आणि आतलं सगळं उघडं. एका स्वयंपाकघरात एक बाई टेबलावर कणकेसारखं काहीतरी मळत होती आणि नवरा बाजूला उभा राहून नुसता बोलत होता. एका घरात तीन पिढ्या कसलासा पत्त्यांचा डाव मांडून बसल्या होत्या. ताशी सहा किलोमीटरच्या वेगाने शिरीष एकेक घर बघत पुढे चालला होता. गाडीतून हे दिसत नाही, ट्रेनमधून तर नाहीच. बोटीतून मात्र दुसऱ्याचा संसार पुरता दिसतो. चष्म्यावर पाणी साचत होतं. ते पुसायला रेनकोटाच्या आत हात घालून शर्टाचा कोरडा कोपरा शोधावा लागायचा, आणि अकरा-साडेअकराच्या सुमारास असा कोपराही शिल्लक राहिला नाही.

लायडस्खेनडामला स्लाउस आहे, म्हणजे लॉक. दोन भक्कम दारांमधला पाण्याचा हौद. एका दाराने बोट आत घ्यायची, दार लावायचं, पाणी समोरच्या पातळीला आणायचं आणि दुसरं दार उघडून द्यायचं. पातळीत फरक वीतभराचा, पण थाट मात्र मोठा. दारं उघडणारी बाई कुठल्यातरी ऑफिसात कॅमेऱ्यांपुढे बसलेली असते. खांबावरचं बटण दाबलं की तिचा आवाज येतो.

"आत या, पेन्सिलवाले," आवाज म्हणाला. आवाज पन्नाशीतला आणि गमत्या होता. "एकटेच का?"

"माझी मुलगी येतेय," शिरीष म्हणाला. "पाच मिनिटं थांबाल का? ती इथे चढणार आहे."

"पाच मिनिटं चालतील."

शिरीषची बोट हौदात, मागे एक पांढरी मोटरबोट. तिच्यात एक म्हातारा आणि एक म्हातारी, दोघांच्या डोक्यावर एकसारख्या टोप्या. पाच मिनिटं झाली. शिरीषने फोन लावला. वाजला, वाजला आणि थांबला. ट्रामच्या दिशेने एक मुलगी सायकल हाकत आली. शिरीषने हात वर केला. ती दुसरीच कुणीतरी निघाली. तिनेही सौजन्याने हात केला आणि गेली.

"आली का?" दहा मिनिटांनी आवाजाने विचारलं.

मागच्या मोटरबोटीतल्या म्हाताऱ्याने भोंगा वाजवला, छोटासा, शिष्टाचार सांभाळून.

"नाही. पुढे भेटेल," शिरीष म्हणाला. त्याचे कान तापले होते. पुढचं दार उघडलं. बाहेर पडताना त्याने दुसरा मेसेज केला: "लायडन लामेन्सखान्स स्टेशन. कालव्याच्या बाजूला थांबतो."

आता तुम्ही म्हणाल, एवढं कळू नये का माणसाला? बारा वाजले, मुलगी फोन घेत नाही, म्हणजे येत नाही. पण शिरीषच्या कानात ते "येते" पक्कं बसलं होतं. संहिता कधी मराठीतून कबूल करत नाही, आणि केलं ते एवढं स्पष्ट. अपघात झाला असेल का, हाही विचार येऊन गेला. तो त्याने झटकला, तर त्याच्या मागोमाग दुसरा आला: तिला कंटाळा आला असेल. पहिल्या विचाराने धडधड झाली. दुसऱ्याने जास्त लागलं.

बहुतेक पुलांखालून ही बुटकी बोट सहज निघून जाई. दोन पूल मात्र तिच्याहून बुटके होते आणि ते उघडून घ्यावे लागत. त्यातल्या पहिल्यापाशी शिरीषने बटण दाबलं, तर पुन्हा तोच आवाज.

"अरे, पेन्सिल! आली का मुलगी शेवटी?"

कॅमेऱ्यात बोटीचं वरचं अंग दिसत होतं, आतलं दिसत नव्हतं. शिरीषने एकदा केबिनच्या बंद दाराकडे पाहिलं.

"हो," तो म्हणाला. "आत आहे. चहा करतेय."

"छान. या पावसात तेच करावं."

पूल उघडला. वर गाड्या थांबल्या, सायकलवाले पाय टेकून उभे राहिले. शिरीष त्यांच्या समोरून ताठ मानेने गेला. छप्पन्न वर्षांचा माणूस, कॅमेऱ्यापुढे बसलेल्या अनोळखी बाईशी धडधडीत खोटं बोलला, आणि पूल मागे पडल्यावर दोन मिनिटं त्याला बरंसुद्धा वाटलं. आत कुणीतरी आहे, असं. त्याने एकदा दारावर टकटकही केलं. मग मात्र त्याला स्वतःचीच कीव आली.

लामेन्सखान्स स्टेशन कालव्याला लागूनच आहे. बोटीतून फलाट दिसतो. शिरीषने दोर बांधला, सुकाणू सोडलं आणि छपराच्या कडेखाली उभा राहिला. एक ट्रेन आली. सहा माणसं उतरली. त्याने मोजली, कारण मोजायला सोपी होती. अर्ध्या तासाने दुसरी आली. एक आई, एक बाबागाडी, दोन तरुण. ट्रेन गेली आणि फलाटावर पाऊस तेवढा राहिला. दीड वाजून गेला होता. डबा अजून उघडला नव्हता, कारण एकट्याने सुरू करणं बरं दिसलं नसतं.

तेव्हा फोन वाजला.

"बाबा! फोर्टीन मिस्ड कॉल्स! आर यू ओके? बोट बुडली का?"

"बोट ठीक आहे," शिरीष म्हणाला. तिचा आवाज ऐकताच तो ओल्या छपरावरच टेकला. "तू कुठे आहेस?"

"घरी. आल्मेरेला. चैत्राली आणि मी वॉल्स पेंट करतोय. फोन वर राहिला. बाबा, व्हॉट आर दीज लोकेशन्स? तू कुणाची वाट बघतोयस?"

"तुझी."

"माझी? का?"

"काल येते म्हणालीस ना."

"मी म्हटलं, लेट मी सी."

"ते आधी. नंतर फोन ठेवताना म्हणालीस, चला बाबा, येते."

संहिता अगदी हळू म्हणाली, "बाबा, ते बाय होतं. येते म्हणजे बाय ना? डचमधलं डूइ. निघताना म्हणतात ते."

"अगं, ते दारातून निघताना. फोनवर नाही म्हणत कुणी. फोनवर ‘ठेवते’ म्हणतात. फोनवर येते म्हणजे येते."

"आय डिडन्ट नो. मी लहान होते तेव्हा स्कूलला निघताना ‘जाते’ म्हटलं की आई मला दारातून परत बोलवायची. जाते म्हणायचं नाही, येते म्हणायचं. आय थॉट तोच वर्ड आहे. फॉर लीव्हिंग. चैत्राली म्हणते, सारखं बाय बाय काय करतेस, बाबांशी मराठी बोल. सो आय वॉज ट्रायिंग. तुला आवडेल म्हणून."

आयुष्यात पहिल्यांदा पोरीने आपण होऊन मराठीतून निरोप घेतला, आणि त्यापायी बाप तीन स्टॉपवर भिजत उभा राहिला.

"मी आता निघू? दीड तासात पोहोचते," ती म्हणाली.

"नको गं. ब्रशवर रंग वाळेल. मी पुढे जातो, उजेड आहे तोवर तळं पार करायला हवं."

"नेक्स्ट सॅटर्डे मी नक्की येते."

"हे कुठलं येते?"

"कमिंगवालं येते, बाबा. प्रॉमिस." दोघंही हसली, ती थोडं रडत. मग तिने विचारलं, "मग आता काय म्हणू? ठेवते?"

"ठेवते."

"ठेवते, बाबा."

शब्द अगदी बरोबर होता. फोनही ठेवला गेला. शिरीषला मात्र कसंनुसं झालं. चुकीच्या शब्दावर सकाळचे चार तास कसे का होईना निघाले होते. या बरोबर शब्दापुढे काहीच उरलं नाही.

त्याने केबिनमध्ये जाऊन डबा उघडला. पोहे चांगले झाले होते. तीन मगांपैकी एक खाली घेतला, चहा ओतला. समोर रेनकोट टांगलेले होते, लहान आणि मध्यम. मध्यम रेनकोटाचं लेबल बोटीच्या हेलकाव्याबरोबर फिरत होतं. खाता खाता त्याचा हात थांबला. मुलीला मराठी येत नाही, म्हणून तिने चुकीच्या ठिकाणी येते म्हटलं. ठीक आहे. पण मंजूषा नारायण पेठेत वाढलेली, ती कशाला चुकेल? तिने येते म्हटलं ते निघताना, रांगेत, हात करत. अगदी बरोबर ठिकाणी. जिथे त्या शब्दाचा अर्थ कुणी धरत नाही, नेमकं तिथे. आणि मराठी आपल्याला चांगलं येतं. मग आपण तीन वर्षं तो शब्द फोनवरच्या ‘येते’सारखा का धरून बसलो?

याचं उत्तर त्याला माहीत होतं. त्याने पोह्यांवर झाकण घातलं.

लायडन शहर ओलांडून पेन्सिल पुढे निघाली तेव्हा तीन वाजत आले होते. पाऊस जरा वाढला होता. दुसरा बुटका पूल आला. त्याच्या पलीकडे कालवा रुंद होत होत कागच्या तळ्याला मिळतो. दिवा लाल होता. शिरीषने थांबायच्या जागेला बोट लावली, दोराचा एक वेढा खांबाला मारला आणि बटण दाबलं.

"पेन्सिल!" आवाजाने ओळखलं. "मुलगी कोरडी आहे ना?"

"मुलगी आलेली नाही," शिरीष म्हणाला. "मघाशी मी खरं बोललो नाही. मी एकटाच आहे."

आवाज म्हणाला, "बरं." आणि थोड्या वेळाने, "वर रहदारी आहे. दहा मिनिटं लागतील. उघडल्यावर मात्र लगेच निघा, मला पूल फार वेळ धरून ठेवता येत नाही."

दहा मिनिटं. पुण्यात साडेसहा वाजले असतील. शिरीषने फोन काढला, पडदा पोटावर घासून कोरडा करायचा प्रयत्न केला आणि मंजूषाला लावला.

तिने दुसऱ्याच रिंगला घेतला. "शिरीष? आज शनिवार. काय झालं? संहिता बरी आहे ना?"

"बरी आहे. घर रंगवतेय. मी बोट नेतोय."

"एकटा? पाऊस वाजतोय तुझ्याकडे."

"हो. मंजू, एक विचारायचं होतं." तो थांबला. तीन वर्षांत त्याने हे वाक्य इथपर्यंत अनेकदा आणलं होतं. "स्किपोलला तू येते म्हणालीस."

"कधी?"

"जाताना. तीन वर्षांपूर्वी."

"म्हणाले असेन. निघताना म्हणतोच आपण."

"तेच विचारतोय. ते निघताना म्हणतात ते होतं, की खरं होतं?"

तिकडे कुणीतरी तिला रिपोर्टचं काहीतरी विचारत होतं. "दीनानाथ, ते तिथेच ठेवा आणि पाच मिनिटं कुणाला आत पाठवू नका," असं ती म्हणाली, आणि दार लागल्याचा आवाज आला.

"त्या दिवशी खरं होतं," मंजूषा म्हणाली. "अगदी शपथेवर सांगते. परतीचं तिकीटही काढलं होतं, तुला माहीत आहे. नंतर ते कधी नुसतं म्हणण्यापुरतं झालं, ते मलाही कळलं नाही. तू विचारशील तेव्हा सांगायचं, असं ठरवलं होतं. तू विचारलंच नाहीस."

"मला वाटलं, तुला घाई करू नये."

"आणि मला वाटलं, तुला घाईच नाही."

पुलावरून एक लांबलचक बस गेली.

"मी नाही येत, शिरीष," ती म्हणाली. आवाज तिचा नेहमीचा, फक्त फार सावकाश. "इथे सकाळी उठल्यावर मला कुठेतरी पोहोचायचं असतं. तिथे बारा वर्षं नव्हतं. तुझ्यात काही कमी नव्हतं, हे मी आईलासुद्धा सांगितलंय."

"बरं."

"रागावलास?"

"नाही. वाईट वाटतंय," शिरीष म्हणाला. चष्म्यावर पाऊस होताच, त्यामुळे बाकीचं काही दिसायची सोय नव्हती. "फार वाईट वाटतंय, मंजू."

"मलाही," ती म्हणाली.

घंटा वाजायला लागली. वर फाटकं खाली आली, गाड्या थांबल्या, आणि पुलाचा मधला भाग सावकाश उचलला जाऊ लागला. दिवा हिरवा झाला. पलीकडे तळ्याचं करडं, मोकळं पाणी दिसलं.

"पूल उघडला," शिरीष म्हणाला. "थांबता येत नाही इथे. जातो मी."

"शिरीष!" तिचा आवाज एकदम चढला, दारातून मुलीला परत बोलावताना चढायचा तसा. "जातो काय म्हणतोस? असं म्हणू नये. येतो म्हण."

शिरीषने खांबाचा वेढा हातात धरून ठेवला. वर थांबलेल्या गाड्यांचे वायपर हलत होते.

"येतो," तो म्हणाला.

"ये," मंजूषा म्हणाली.

त्याने फोन खिशात टाकला, दोर सोडला आणि बोट पुलाखाली घातली.